गोल्फ स्विंगची शिकवणी लावावी का? काही महिन्यांनंतरचा अनुभव

पुण्यात वर्षभर स्वतःच्या मनानं रेंजवर (सरावाच्या मैदानावर) बॉल बडवले आणि मग पावसाळ्याच्या तोंडावर शिकवणी लावली. आता थंडी पडलीय. ‘पैसे वसूल होतात का?’ असं बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो. माझ्या मते ग्रिप (क्लब, म्हणजे गोल्फची काठी, धरायची पद्धत) आणि उभं राहण्याची पद्धत, एवढ्यासाठी तरी नक्की होतात. पुढचं सगळं शिकवणीच्या एका तासापासून दुसऱ्या तासापर्यंतच्या दिवसांत तुम्ही काय करता त्यावर.

माझं दुखणं म्हणजे स्लाइस. बॉल सरळ निघाल्यासारखा वाटायचा आणि मग उजवीकडे वळत थेट जाळीत. यूट्यूबवर यावर शेकडो व्हिडिओ आहेत आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. रेंजवरचे काका लोक एकच सांगतात, ‘मान वर उचलतोयस.’ मान खाली दाबून दाबून मानच धरली, स्लाइस होता तिथेच.

पहिल्या तासाला सरांनी स्विंग बघायच्या आधी ग्लव्ह मागितला. डाव्या ग्लव्हला करंगळीखालच्या गादीपाशी घासून भोक पडलं होतं. क्लब बोटांत नाही, तळव्यात धरला जातोय आणि वर गेल्यावर हातात फिरतोय, हे त्यांनी भोकावरूनच ओळखलं. मग 7 नंबरच्या आयर्न क्लबच्या तोंडावर पायाला मारायची पावडर फवारली आणि थोडे बॉल मारायला लावले. प्रत्येक फटक्याचा गोल ठसा पावडरीत उठतो. मला वाटत होतं बॉल मधोमध लागतोय. ठसे मात्र सगळे टोकाकडे गर्दी करून होते.

त्यानंतर मोबाइलवरचा स्लो मोशन. अंगाला जे वाटतं आणि प्रत्यक्षात जे होतं, त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. शिकवणीचा खरा उपयोग मला इथे दिसला. डाउनस्विंग, म्हणजे क्लब वरून खाली बॉलपर्यंत आणणं, साधारण पाव सेकंदात संपतो आणि बॉल क्लबला चिकटलेला असतो तो सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतका. तेवढ्यात कोण काय सुधारणार? जे करायचं ते आधीच करावं लागतं, आणि ते बघायला दुसऱ्याचे डोळे लागतात.

आपल्यासारख्या क्रिकेटवाल्यांची आणखी एक गोम आहे. सरळ बॅटनं ड्राइव्ह मारताना बॅटचा चेहरा गोलंदाजाकडे धरून ठेवायचा, हे लहानपणापासून हाडीमाशी भिनलेलं. गोल्फमध्ये हात वळले पाहिजेत, नाहीतर क्लबफेस (क्लबचं तोंड) उघडा राहतो आणि बॉल उजवीकडे पळतो. पूर्वी मानायचे की क्लब ज्या दिशेनं येतो तिकडे बॉल निघतो. रडारनं मोजायला लागल्यावर उलटं निघालं: बॉल बराचसा क्लबफेस जिकडे बघतोय तिकडे निघतो, आणि फेस व क्लबची वाट यांतल्या फरकानं वळतो. शिकवणारा निवडताना त्याला हे विचारून बघा. उत्तर ‘मान वर उचलली’ असं आलं तर दुसरा शोधा. मी आधी एके ठिकाणी एक तास घेऊन बघितला होता. तिथला माणूस अर्धा वेळ फोनवर आणि उरलेला वेळ वीस तासांचं पॅकेज विकण्यात. पॅकेज घेऊ नका. तीन-चार तास घ्या, मग थांबा.

नवीन ग्रिप लावल्यावर पहिले काही आठवडे खेळ आणखी बिघडतो, हे आधी कुणी सांगत नाही. टायगर वूड्सनं 1997 ची मास्टर्स ही मोठी स्पर्धा 12 फटक्यांनी जिंकून नंतर स्विंग मोडून पुन्हा बांधायला घेतला, आणि 1998 मध्ये अमेरिकेतल्या पीजीए टूरवर त्याला एकच स्पर्धा मिळाली. त्याची ही गत, मग आपण कोण?

‘शिकवणीशिवाय येत नाही का?’ येतं की. 1991 ची इंडियन ओपन जिंकणारे अली शेर कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या बॅगा वाहणारे, होते. व्यावसायिक गोल्फपटू एसएसपी चौरासिया रॉयल कलकत्ता क्लबच्या माळ्याचा मुलगा, बघून बघून शिकला. पण ही माणसं लहानपणापासून मैदानावरच वाढली. आपण शनिवारी सकाळी दीड तास जाणार आणि दहा वाजता घरून फोन येणार.

रेंजवरच्या मॅटबद्दलही एक तक्रार. बॉलच्या मागे क्लब जमिनीला लागला तरी मॅटवरून तो सरकत पुढे जातो आणि फटका बरा बसल्यासारखा वाटतो. गवतावर तोच फटका माती उकरतो आणि बॉल चार पावलांवर पडतो. त्यामुळे निदान एक तास गवतावर मागा. सर कुरकुरले तरी मागा.

स्लाइस आता पुष्कळ कमी झालाय. ड्रायव्हरनं (सगळ्यात लांब मारायच्या क्लबनं) खेळताना अधूनमधून डोकं वर काढतो, पण जाळीत जात नाही. स्कोअर मात्र विशेष उतरला नाही, कारण पार 72 च्या, म्हणजे 72 फटक्यांत संपवायच्या, मैदानात भोकाजवळचे हलके फटके (पट) 36 हिशोबातच धरलेले असतात आणि माझं पटिंग अजून रामभरोसे. त्याची शिकवणी कुणी मागत नाही, लांब मारण्यातच सगळ्यांना मजा. वर्षातून दोनदा कंपनीच्या स्पर्धेपुरतं खेळणार असाल तर शिकवणीच्या भानगडीत पडू नका, त्या पैशांत चांगला ग्लव्ह आणि भरपूर बादल्या बॉल येतात. मी पुढच्या महिन्यापासून सरांकडे फक्त पटिंग आणि चिपिंगसाठी (जवळच्या छोट्या फटक्यांसाठी) जाणार आहे. ड्रायव्हर घरीच ठेवून या, असं त्यांनी आधीच बजावलंय.