४३६ आणि २० रुपयांचे दोन विमे : खान्देशातील शेतकरी घराच्या अनुभवातून

प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना आणि प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना या दोन्ही योजना मे २०१५ मध्ये सुरू झाल्या आणि आज चोपडा, यावल, पारोळा या तालुक्यांतील अनेक घरांच्या पासबुकांत त्यांच्या हप्त्याची नोंद सापडते. जीवन ज्योतीचा वार्षिक हप्ता ४३६ रुपये असून मृत्यू आजाराने झाला तरी वारसाला दोन लाख रुपये मिळतात. सुरक्षा विम्याचा हप्ता २० रुपये आहे. त्यात अपघाती मृत्यूसाठी दोन लाख आणि एक हात, एक पाय किंवा एका डोळ्याची दृष्टी कायमची गेल्यास एक लाख रुपयांची तरतूद आहे. दोन्ही घेतलेल्या व्यक्तीचा अपघाती मृत्यू झाल्यास घराला चार लाख रुपये मिळतात. मुदतीअंती काहीच परत येत नाही म्हणून पैसे वाया गेले असे मानणारे गावात पुष्कळ आहेत. पण या किमतीत, वैद्यकीय तपासणीशिवाय मिळणारे एवढे संरक्षण मला दुसरीकडे कुठेही आढळलेले नाही.

तरीही या सेवेत एक मोठी उणीव आहे, आणि ती हप्ता कापण्याच्या वेळेशी निगडित आहे. विमा वर्ष १ जून ते ३१ मे असे असते आणि नूतनीकरणाचा हप्ता मेच्या अखेरीस खात्यातून आपोआप वळता होतो. आमच्याकडे नेमक्या याच दिवसांत खाते रिकामे असते. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाचा, खर्च नुकताच झालेला असतो, लेकींची माहेरपणं उरकलेली असतात आणि ज्यांच्या विहिरीला पाणी आहे ते बागायती कापसाच्या लागवडीसाठी बियाणे व खत खरेदी करत असतात. पुरेशी शिल्लक नसेल तर विमा बंद पडतो, आणि तो बंद पडल्याचे घरात कुणालाही कळत नाही. पुढे पुन्हा सहभागी होता येते, परंतु जीवन ज्योतीत नव्याने आल्यावर पहिल्या ३० दिवसांत अपघाताखेरीज अन्य कारणाने झालेल्या मृत्यूची भरपाई मिळत नाही. म्हणून मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात खात्यात पाचशे रुपये राखून ठेवावेत, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

दाव्याच्या वेळी खरी परीक्षा होते. आमच्या भाऊबंदांतील एका शेतकऱ्याला रात्री केळीला पाणी भरताना सर्पदंश झाला, कारण शेतीपंपाची वीज त्या आठवड्यात रात्रीचीच होती. भगताकडे न नेता घरच्यांनी त्याला थेट दवाखान्यात नेले आणि केस पेपरवर सर्पदंशाची नोंद झाली. तो वाचला नाही, परंतु त्याच कागदाच्या आधारे सुरक्षा विम्याचा दावा मंजूर झाला. रस्ते अपघात किंवा बुडून झालेला मृत्यू असेल तर पोलिसांत नोंद लागते. साप चावणे, झाडावरून पडणे अशा प्रसंगी मात्र तातडीने केलेली रुग्णालयातील नोंद हाच मुख्य पुरावा असतो. ही बाब एकाही शाखेत विमा घेताना कुणी समजावून सांगत नाही. दाव्याचा अर्ज शक्यतो ३० दिवसांच्या आत बँकेत द्यावा लागतो, आणि दुःखात असलेल्या घराला तो काळ फार अपुरा पडतो. दुसऱ्या एका घरात तर कर्त्या पुरुषाच्या पश्चात बऱ्याच काळाने पासबुक छापून आणले, तेव्हा कुठे विमा असल्याचे उघड झाले.

विमा घेताना बँकेत भरून दिलेल्या संमतिपत्राच्या तळाशी पावती आणि विमा प्रमाणपत्र असा एकच भाग असतो, तो फाडून ग्राहकाला द्यायचा असतो. आमच्या शाखेत तो मागितल्याशिवाय मिळाला नाही. वारसाच्या नावाची खातरजमाही तिथल्या तिथे करून घ्यावी, कारण लग्नाआधी उघडलेल्या खात्यांवर अनेकदा आईवडिलांचेच नाव राहून गेलेले असते. एकापेक्षा जास्त बँकांतून हप्ता कापला गेला तरी भरपाई एकदाच मिळते, हेही ध्यानात ठेवावे.

माझा सर्वात मोठा आक्षेप रकमेवर आहे. जून २०२२ पासून जीवन ज्योतीचा हप्ता ३३० वरून ४३६ रुपये आणि सुरक्षा विम्याचा १२ वरून २० रुपये झाला, पण भरपाई २०१५ मध्ये ठरली तेवढीच, म्हणजे दोन लाख, राहिली. सोसायटीचे पीककर्ज फेडून त्यातून मुलांच्या शिक्षणासाठी फारसे काही उरत नाही. त्यामुळे ज्याच्यावर घर चालते त्याने जीवन ज्योतीवर विसंबून न राहता स्वतंत्र मुदत विमाही घ्यावा; शिवाय जीवन ज्योतीत पन्नाशीपर्यंतच प्रवेश मिळतो आणि संरक्षण ५५ व्या वर्षी संपते. सुरक्षा विमा मात्र १८ ते ७० वयाच्या घरातील प्रत्येकाच्या नावे असायला हवा, आणि त्यात बायकांचा क्रम आधी लागावा. कापूस वेचायला आणि निंदणीला दिवसभर वाकून त्याच राबतात, आणि घरात स्वतःचे बँक खाते नसलेल्याही बहुधा त्याच असतात. त्यांचे खाते उघडण्यापासूनच सुरुवात करावी.