पप्पांच्या कबरीचा दगड: वसईतल्या एका दुकानाचा अनुभव

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारही करायची आहे. वसईतल्या लोकांना अंदाज येईलच.

काम उत्तम, कॅटलॉग टाकाऊ. पानोपानी कबुतरं, गुलाब, जोडलेले हात, नाहीतर काळ्या ग्रॅनाइटवर लेझरने उमटवलेला फोटो. मरणाचा कुठे मागमूस नाही. आमच्या घरच्या जुन्या क्रूसावर येशूच्या पायाशी कवटी आणि दोन हाडं आहेत. येशूला जिथे क्रूसावर दिलं तिथेच आदामाला पुरलं होतं आणि क्रूसावरचं रक्त त्याच्या कवटीवर ठिबकलं, अशी जुनी परंपरा सांगते. पहिल्या माणसाचं मरण आणि त्यावरचा उतारा, दोन्ही एकाच चित्रात. तशी कवटी कोरून द्याल का विचारलं तर मालक म्हणाले, "ताई, लोक भितात." दफनभूमीत नाही भ्यायचं तर कुठे?

मला खरं तर बोटीचा नांगर हवा होता. पप्पा पाचूबंदरचे, सगळी हयात बोटीवर गेली. इब्री लोकांस पत्रात (६:१९) आशेला जिवाचा नांगर म्हटलंय. रोमच्या भुयारी दफनभूमीत सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांच्या कबरींवरही नांगर आहे, त्याच्या आडव्या दांडीत क्रूस दडलेला.

कारागिराने पहिल्यांदा काढला तो चार नखांचा, आमच्या बोटीवर असतो तसा. भाऊ खूश, "हाच आपला!" पण त्याला आडवी दांडीच नाही, मग क्रूस यायचा कुठून? यावरून घरात चांगलीच जुंपली. तोडगा काढला कारागिरानेच: नांगर दांडीचा, पण कड्यातून ओवलेला दोर आमच्या बोटीवरचा. छिन्नीने काढलेला त्या दोराचा पीळ बोटांना लागतो. या एका कामासाठी मी त्यांना पैकीच्या पैकी देईन.

संगमरवर घेऊ नका, आपला पाऊस त्याला हळूहळू खातो. ग्रॅनाइटच घ्या आणि अक्षरं खोल कोरून घ्या. वसई किल्ल्यातल्या फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीतले पोर्तुगिजांचे दगड बघा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये किल्ला घेतला, त्याच्याही आधीचे. वरून माणसं चालतात, तरी कित्येक नावं अजून वाचता येतात. नुसत्या सोनेरी रंगाने लिहिलेली नावं आमच्या दफनभूमीत केव्हाच उडालीत. दर मात्र अक्षरामागे आहे, म्हणूनच निम्म्या दगडांवर 'ख्रिस्तवासी'चं 'ख्रि.' झालंय.

आता तक्रार. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनाला, दगड हवा म्हणून बजावलं होतं. आला नाताळच्या तोंडावर. फोन उचलत नाहीत, दुकानात जाऊन ठाण मांडावं लागतं. बसवण्याचे पैसे वेगळे, तेही शेवटी सांगतात. ऑर्डर पावसाआधीच द्या. मागच्या शेडमधल्या म्हाताऱ्या कारागिराकडूनच काम हवं, असं स्पष्ट सांगा. आणि चर्चच्या ऑफिसातून मापं आधी लिहून घ्या, नाहीतर दगड पुन्हा कापायला न्यावा लागतो.