पानाच्या आकाराची होडी: पट्ट्यांची की प्लायवूडची?

कल्पनारम्य चित्रपटात शोभावी अशी, दोन्ही टोकं उंच वळलेली होडी बांधायची तर पद्धती दोन: मरीन प्लायवूड (पाण्यात टिकणारा प्लाय) तारेने शिवणं किंवा लाकडी पट्ट्या जोडणं.

प्लायवूडचं काम झटपट होतं. 4 ते 6 मिमीचे तक्ते कापा, कडेला दर 10-15 सेंमीवर भोकं पाडून तांब्याच्या तारेने आवळा, सांध्यात इपॉक्सी (दोन द्रव मिसळून कडक होणारा गोंद) आणि लाकडाची बारीक पूड कालवून भरा, वर फायबरग्लासची (काचेच्या तंतूंच्या कापडाची) पट्टी बसवा. पण प्लाय एकाच दिशेने नीट वाकतो. टोकाजवळचा दुहेरी (एकाच वेळी दोन दिशांचा) बाक जबरदस्तीने आणायला गेलात तर तक्ता तडकतो.

पट्ट्यांना ही अडचण नाही. सिडर या हलक्या लाकडाच्या 6 मिमी जाड, साधारण 20 मिमी रुंद पट्ट्या दर 30 सेंमीवर उभ्या केलेल्या साच्यांवर एकेक चिकटवत गेलं की हवा तो बाक मिळतो. वेळ मात्र खूपच जास्त. आणि फायबरग्लास आतून-बाहेरून दोन्हीकडे हवंच, नाहीतर बोजा पडताच पट्ट्या लाकडाच्या रेषांच्या दिशेने चिरतात.

टोकाची हंसासारखी उंच मान दोन्ही पद्धतींत वेगळीच घडवावी लागते: 3 मिमीच्या पट्ट्यांचे थर साच्यावर शिकंज्यांनी दाबून. सोडल्यावर बाक थोडा उघडतो, म्हणून साचाच जरा जास्त वळवा. मान फार उंच नको. ती वारा धरते आणि होडी भरकटते.

रूप हाच हेतू असेल तर पट्ट्याच घ्या. इपॉक्सीवर अतिनील किरण अडवणारं व्हार्निश दोन्ही पद्धतींत लागतंच.