टूलपोस्ट बदलावा की कंपाउंडच्या जागी ठोकळा बसवावा?

घरच्या छोट्या लेथवर पार्टिंग करताना, म्हणजे बारचा तुकडा कापून वेगळा करताना, मशीन किंचाळतं, जॉबवर लाटा उठतात आणि एखाद्या वेळी ब्लेड आत खेचलं जाऊन तुटतं. मग सगळ्यांच्या डोक्यात आधी क्विक-चेंज टूलपोस्ट येतो, म्हणजे टूल झटपट बदलता येणारी पकड. बेळगावच्या वडगावातल्या यंत्रमागांचे बुश वळवायला लेथ घेतला तेव्हा मीही तोच घेतला. टूल झटपट बदलू लागलं, पॅकिंगच्या पट्ट्या शोधणं संपलं. चॅटर, म्हणजे ती थरथर, मात्र होता तसाच.

पैसे घालण्याआधी डायल, म्हणजे बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं मापक, लावा. मॅग्नेटिक बेस बेडवर, डायलचं टोक टूलच्या टोकावर, आणि टूलपोस्ट हाताने जोर लावून खाली दाबा. माझ्याकडे काटा 0.07 मिमी सरकला. तोच डायल क्रॉस स्लाइडवर (टूल आडवं आत-बाहेर नेणारा खालचा भाग) टेकवला तर जेमतेम 0.01. म्हणजे हलत होतं ते मधलं कंपाउंड, टूलपोस्टखालची तिरकी लावता येणारी छोटी स्लाइड. त्याचा डव्हटेल (सरकण्याची तिरकी खाच) अरुंद, खाली फिरती बैठक, तीही दोन बोल्टांवर. वर कितीही भारी टूलपोस्ट बसवा, पाया तोच. शिवाय क्विक-चेंजचा होल्डर पोस्टच्या बाहेर लटकतो, त्यामुळे साध्या चौकोनी टूलपोस्टपेक्षा टूलचं टोक आणखी पुढे जातं. घ्यायचाच असेल तर होल्डर पिस्टनने आवळणारा नको, वेजने (पाचरीने) आवळणारा घ्या.

ठोकळा म्हणजे कंपाउंड काढून त्याच उंचीचा भरीव तुकडा क्रॉस स्लाइडवर बोल्टने आवळायचा. एम.एस. (माइल्ड स्टील) चालतं, पण कास्ट आयर्न कंपनं जास्त शोषतं, आणि बेळगाव फौंड्रीचं गाव असल्याने ते मिळायला अडचण नाही. एखाद्या जुन्या कास्टिंगचा तुकडा मिळाला तर उत्तम, तो नंतर वाकत नाही. दोन्ही बाजूंना उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून सरफेस ग्राइंडिंग करून आणा. तळ मधोमध अर्धा मिमी खोल ठेवा म्हणजे ठोकळा कडांवर टेकतो. बसवण्याआधी ब्ल्यू, म्हणजे कुठे टेकतं ते दाखवणारा निळा रंग, लावून पाहा. चारही कोपऱ्यांवर डाग उमटला पाहिजे. माझा एक कोपरा कोरा निघाला होता, तो घासण्यात अख्खी संध्याकाळ गेली. पण त्यानंतर 25 मिमीचा एम.एस. बार आवाज न करता कापला गेला.

गमावता काय? छोटे टेपर, आणि कंपाउंड तिरकं लावून आटे पाडणं. दीड मिमी पिचपर्यंतचे (दोन आट्यांमधलं अंतर) आटे सरळ आत घालूनही निघतात. पितळ-ॲल्युमिनियमची हलकी कामं असतील आणि दिवसात दहादा टूल बदलत असाल, तर क्विक-चेंजच घ्या. स्टील कापायचं असेल तर आधी ठोकळा. तोच टूलपोस्ट पुढे त्याच्यावर बसतो.

दोन्हींच्या आधी फुकटचं काम आहे: गिब (स्लाइडमधली ढिलाई काढणारी पट्टी) आवळा आणि टूल आत घ्या. बाहेर आलेली लांबी निम्मी केली की टूलचं वाकणं आठव्या हिश्श्यावर येतं. 12 मिमीऐवजी 16 मिमीचा चौकोनी शँक (टूलचा दांडा) तिपटीहून जास्त कडक असतो.

काढलेलं कंपाउंड ग्रीस लावून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघडा डव्हटेल आठवड्यात गंजतो.