मँटिस श्रिंपसाठी खाऱ्या पाण्याची टाकी : चौदा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या चौदा महिन्यांत घरी आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने पहिला प्रश्न एकच विचारला. "काच नाही का फोडणार हा?" नाही फोडली. साधा चराही पडलेला नाही. टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काच दहा मिलिमीटर. वर जड झाकण. इंग्लंडमध्ये ग्रेट यार्माउथच्या मत्स्यालयात १९९८ साली एका मँटिस श्रिंपने काच फोडल्याची बातमी गाजली होती, तेव्हापासून ही भीती जो तो सांगत असतो. मीही तिच्यापोटी आधी ॲक्रिलिकच्या टाक्या बघत होते. आज कोणी विचारलं तर सांगेन, काचेची काळजी सगळ्यात शेवटी करा. पुण्यात हा प्राणी पाळायचा तर काळजी दोन गोष्टींची हवी : घरात येणारं पाणी आणि एप्रिलचं ऊन. माझा पैसा, वेळ, झोप, सगळं या दोन गोष्टींवर गेलं.

आमच्याकडे आहे तो पीकॉक मँटिस श्रिंप, ओडोन्टोडॅक्टिलस सिलेरस. नावात श्रिंप असलं तरी ही कोळंबी नव्हे, स्टोमॅटोपॉड हा कवचधाऱ्यांमधला वेगळाच गण. पुढचे दोन पाय प्रार्थनाकीटकासारखे दुमडून छातीशी धरलेले, म्हणून मँटिस. यांच्यात दोन तऱ्हा असतात, भालेवाले आणि गदावाले. आपल्या किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यात कोळंबीबरोबर वर येतात ते बहुतेक भालेवाले, चिखलात बिळं करून राहणारे. सासूबाई हर्णैच्या, त्यांनी ते लहानपणापासून पाहिलेत. आमचा गदावाला, त्यामुळे मुलाने पहिल्याच दिवशी त्याचं नाव भीम ठेवलं. या जातीच्या फटक्याचा वेग सेकंदाला २३ मीटरपर्यंत मोजला गेला आहे आणि जोर सुमारे दीड हजार न्यूटनपर्यंत. हा जोर नुसत्या स्नायूंचा नाही. पायाच्या सांध्यापाशी खोगिराच्या आकाराचा एक भाग स्प्रिंगसारखा दाबून, अडकवून ठेवलेला असतो आणि तो एकदम सुटतो. जीवशास्त्रज्ञ शीला पटेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २००४ मध्ये दाखवून दिलं. फटका इतका झटकन बसतो की पाण्यात क्षणभर पोकळी होते, ती मिटताना शंखावर दुसरा दणका बसतो. रात्री हॉलमधून 'टक्' असा आवाज येतो तो हाच. पहिले काही दिवस आम्ही दचकायचो. आता तो आला नाही की मी उठून बघते.

आता पाण्याचं. आम्ही धायरीत राहतो. सोसायटीत महापालिकेचं पाणी कमी, टँकरचं जास्त. टँकरच्या पाण्याचा टीडीएस माझ्या मीटरवर कधी ४०० तर कधी ७००, ते वापरायचा प्रश्नच नव्हता. म्हणून दसऱ्याला टाकी भरली ती स्वयंपाकघरातल्या आरओच्या पाण्याने. टीडीएस पन्नासच्या आसपास होता, मला वाटलं पुरे. मीठ कालवलं, वाळू आणि खडक रचले, घाण पचवणारे जिवाणू वाढून अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर यायला पाच आठवडे थांबले. मग चाचणी म्हणून चार समुद्री गोगलगायी सोडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चारही काचेवरून सुटून वाळूत उलट्या पडलेल्या. अमोनिया शून्य, क्षारता बरोबर, तापमान बरोबर. तीन दिवस मला काही उमगेना. शेवटी नवऱ्याने प्युरिफायरची पुस्तिका शोधून काढली, तेव्हा कळलं की त्यात तांब्याचं कार्ट्रिज आहे, पाण्यात मुद्दाम तांबं सोडणारं.

हे मी ठळकपणे सांगते, कारण आपल्याकडे हल्ली असे प्युरिफायर घरोघरी आहेत. माणसाला तांब्याच्या भांड्यातलं पाणी चालतं; गोगलगाय, खेकडा, कोळंबी, मँटिस यांना तांब्याचा अंशही विष. वाळू आणि खडक तांबं धरून ठेवतात आणि हळूहळू पाण्यात सोडत राहतात. त्यामुळे नुसतं पाणी बदलून भागलं नाही, वाळू आणि खडक दोन्ही टाकून दिले. त्या चार गोगलगायींचं मला अजून वाईट वाटतं. माशांवर तांब्याचं औषध वापरलेली जुनी टाकी कोणी स्वस्तात देत असेल तर तीही घेऊ नका.

त्यानंतर चार टप्प्यांचा आरओ-डीआय संच घेतला. शेवटच्या टप्प्यात डीआय रेझिन, म्हणजे उरलेसुरले क्षार शोषणारे मणी, त्यातून टीडीएस शून्य येतो. टँकरच्या पाण्याने रेझिन लवकर संपतं, मी आतापर्यंत तीनदा बदललं. एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीनेक लिटर वाया जातं, ते पिंपात साठवून फरशी पुसायला आणि संडासात वापरतो. मीठ लिटरला साधारण ३७ ग्रॅम. दर रविवारी पंधरा लिटर पाणी बदलते, म्हणजे साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास मीठ. ते आदल्या रात्री बादलीत छोटा पंप लावून विरघळवायचं. टाकीत थेट मीठ कधीही टाकायचं नाही. क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, पाण्याच्या थेंबातून प्रकाश किती वाकतो त्यावरून ती दाखवणारा. दुकानदाराने दिलेला तरंगता हायड्रोमीटर मला पाण्याची घनता १.०२५ दाखवत होता, तेव्हा खरा आकडा १.०२१ होता.

खडकाबद्दल थोडक्यात. 'लाइव्ह रॉक' देतो म्हणून कोणी म्हणालं तर विचारून घ्या तो कुठला आहे. २००१पासून आपल्याकडे सगळी दगडी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि लाइव्ह रॉक म्हणजे प्रवाळाचाच सांगाडा. मी सिरॅमिकचे कृत्रिम खडक वापरले. जिवाणू त्यांच्यातही वस्तीला येतात, वेळ थोडा जास्त लागतो इतकंच.

त्याचं घर मात्र खडकात नाही, पाइपात आहे. हे प्राणी प्रवाळाच्या पायथ्याशी, वाळू-खड्यांत इंग्रजी यू अक्षरासारखं बीळ करतात. प्लंबरच्या दुकानातला दीड इंची पीव्हीसी पाइप, दोन टोकांना एल्बो, मधला भाग चार इंच वाळूखाली पुरलेला, दोन तोंडं वर. मध्ये पूर्ण अंधार हवा. शेजारी शंखांचे आणि सिरॅमिकचे तुकडे ओंजळभर टाकून ठेवले. पहिल्याच रात्री त्याने बिळाच्या तोंडाभोवती त्यांची रचाई केली. बहुतेक संध्याकाळी मोठा तुकडा ओढून दार लावतो, सकाळी पुन्हा ढकलतो. दिवा मंद ठेवा, तोही दिवसाला पाच-सहा तास. झगझगीत उजेडात या जातीला कवचाचा रोग होतो असं अनुभवी पाळणारे सांगतात, आणि मी ते मानते. हीटर, सेन्सर, काचेचा थर्मामीटर यातलं काहीही टाकीत नको. सगळं खालच्या सम्पमध्ये, म्हणजे टाकीला पाइपाने जोडलेल्या दुसऱ्या छोट्या टाकीत.

फेब्रुवारीत भीम आला. कुर्ल्याहून, रात्री, थर्माकोलच्या खोक्यात, बरणीत. पिशवीतून आणला तर पिशवी फाटते. तेव्हा जेमतेम दहा सेंटिमीटर होता. दीड तास थेंबथेंब आमचं पाणी त्याच्या बरणीत सोडलं आणि मग त्याला टाकीत घेतलं.

आणि मार्च लागला. दुकानात मला सांगितलं होतं की पाणी गार करणारा चिलर चैनीचा, पंखे पुरतात. या प्राण्याला २४ ते २६ अंश बरे. पुण्याच्या कोरड्या हवेत पाण्यावर पंखा सोडला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात हे खरंच, पण दुपारी खोलीच ३४ वर गेली की टाकी ३० च्या खाली येईना. शिवाय रोज तीन-चार लिटर पाणी उडायचं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. एका लग्नाला दोन दिवस गावी गेलो तर क्षारता हजारी ३५ वरून जवळजवळ ३७ वर गेलेली. (उडालेल्या पाण्याच्या जागी नेहमी गोडं शुद्ध पाणी घालायचं, खारं नाही. हे सासऱ्यांना समजावायला मला दोन आठवडे लागले, आणि आता तेच दुसऱ्यांना समजावतात.) एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात भीमने खाणं सोडलं. शेपटीच्या ढालीवर डाळीएवढा तपकिरी खळगा दिसला. मी त्याच दिवशी कंप्रेसरवाला चिलर मागवला. तो येईपर्यंत पाच दिवस आम्ही बर्फाच्या बंद बाटल्या सम्पमध्ये सोडत होतो. एक लिटरच्या बाटलीने अर्धा-पाऊण अंश उतरतो. नवरा रात्री दोनला उठायचा, मी पहाटे पाचला. तापमान २५ वर स्थिरावल्यावर चौथ्या दिवशी त्याने पुन्हा एक शिंपला फोडला. तो 'टक्' ऐकून सासूबाई देवघरातून उठून आल्या.

तेव्हा हिशेब असा धरा : चिलर प्राण्याच्या आधी. पुण्यात तो मार्च ते जून आणि ऑक्टोबरात चालतो. मुंबईत घेणाऱ्यांनी जवळजवळ वर्षभराचं वीजबिल धरावं, तिथल्या दमट हवेत पंख्याचा फारसा उपयोग होत नाही. हिवाळ्यात उलट, आमच्याकडे पहाटे हीटर लागतो. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा बॅटरीवरचा हवेचा पंप आणि फ्रीजरमधल्या चार बाटल्या, एवढ्यावर पाच-सहा तास निघतात. चिलर आमच्या इन्व्हर्टरवर चालत नाही. माझा निम्म्याहून जास्त खर्च चिलर आणि आरओ-डीआय या दोन वस्तूंचा. टाकी आणि प्राणी त्यामानाने स्वस्त.

खाणं हा सगळ्यात सोपा भाग, आणि तो सासूबाईंनी घेतलाय. तिसऱ्या, खुबे, कालवं, कधी लहान चिंबोरी. "शिजवून घालायची नाहीत गं, आणि सोलूनही नाहीत," हे त्यांनीच मला सांगितलं, आणि बरोबर होतं. फोडणं हेच त्याचं काम आहे. बाजारातून आणलं की धुऊन चार दिवस फ्रीजरमध्ये, मग शिंपल्यासकट टाकीत. दर तिसऱ्या दिवशी एक तिसरी. उरलेलं मांस दोन-तीन तासांत लांब चिमट्याने काढायचं, नाहीतर अमोनिया वाढतो. मांसाहारी प्राणी म्हणून प्रोटीन स्किमर, म्हणजे पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारं यंत्र, तेही हवंच. हात आत घालायचा नाही. मासे, खेकडे, दुसरा मँटिस, कोणीही सोबतीला चालत नाही.

कात टाकण्याबद्दल कोणी मला आधी नीट सांगितलं असतं तर जुलैतले नऊ दिवस इतके जड गेले नसते. त्याने बिळाची दोन्ही तोंडं दगडांनी बुजवून घेतली. खाणं बंद, आवाज बंद. सहाव्या दिवशी दुकानात फोन केला तर म्हणाले, मेला असेल, पाइप उपसून बघा. मी उपसला नाही. त्याऐवजी रोज सकाळ-संध्याकाळ अमोनिया तपासला. एवढा प्राणी बंद पाइपात मेला तर अमोनिया चढणारच, आणि तो शून्यावर होता. तोच माझा आधार. नवव्या सकाळी बिळाबाहेर अख्खा भीम निपचित पडलेला दिसला, डोळे, मिशा, गदा, सगळं. मुलगा रडायला लागला. जवळ जाऊन पाहिलं तर ते रिकामं कवच होतं, आरपार उजेड जाणारं. तो आत होता. नवी गदा मऊ असते, ती कडक होईपर्यंत तो फटका मारू शकत नाही, म्हणून दार बंद. आम्ही आणखी एक आठवडा काही खायला दिलं नाही, टाकीवर कापड टाकून ठेवलं. बाहेर आला तो पाचूसारखा हिरवा, पायांवर केशरी झाक. शेपटीवरचा खळगा बुजत आलेला. नोव्हेंबरच्या कातीनंतर तो पूर्ण गेला.

त्याच्या डोळ्यांविषयी लोक फार बोलतात. रंग टिपणाऱ्या बारा प्रकारच्या ग्राही पेशी आहेत म्हणून त्याला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त रंग दिसतात, असं सांगतात. २०१४ मधल्या प्रयोगांत उलटं निघालं, जवळजवळचे रंग वेगळे ओळखण्यात मँटिस श्रिंप माणसाहून बराच कमी पडतो. मला त्याने काही फरक पडत नाही. दोन्ही डोळे देठांवर स्वतंत्रपणे फिरतात, आणि मी खुर्ची ओढून बसले की आधी एक माझ्याकडे वळतो, मग दुसरा. मुलाचा अभ्यास आता टाकीसमोरच्या टेबलावर होतो.

टाकीबाबत एकच बदल करायला हवा होता : सम्प दीडपट मोठा. आणि पाइप. आल्यापासून भीम तेरा सेंटिमीटरच्या पुढे गेलाय, दीड इंची पाइपात त्याला वळताना अडखळायला होतं. जुना उपसायचा धीर होईना, म्हणून मागच्या आठवड्यात दोन इंची पाइप शेजारीच पुरला. पहिल्या रात्री त्याने मिशांनी नव्या पाइपाचं तोंड चाचपून पाहिलं आणि परत फिरला. दुसऱ्या रात्री आत जाऊन दुसऱ्या टोकाने निघाला. तिसऱ्या रात्री साडेअकराला मुलाने मला उठवलं. भीम जुन्या दाराचे तुकडे एकेक उचलून नव्या दाराशी नेत होता, मोठा शंख सगळ्यात शेवटी.