सांगली-मिरजेतले भाड्याचे ऑर्गन: नवं संगीत नाटक पेलतात का?

पायाने भाता मारायचे जुने ऑर्गन सांगली-मिरजेत अजून भाड्याने मिळतात. नाट्यपदांच्या मैफलीला ते शोभतातच. खरी कसोटी नव्या संगीत नाटकात लागते, कारण तिथे गद्य बोलता बोलता गाणं सुरू होतं आणि पुन्हा गद्यात विरून जातं, आणि शब्द सतत स्पष्ट ऐकू यावे लागतात. आमचं मत: ऑर्गन जरूर घ्या, पण विसार देण्याआधी तासभर तपासा.

इंग्रजी ऑपेरा करणाऱ्यांपुढेही शब्द ऐकू येण्याचा हाच पेच असतो. इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटनच्या १९५४ सालच्या 'द टर्न ऑफ द स्क्रू' या ऑपेरात वादक अवघे १३ आहेत. वाद्यं मोजकी असली की गाणाऱ्याचे शब्द मोकळे राहतात. आपल्याकडे तर ऑर्गन, तबला आणि फार तर एखादं व्हायोलिन. म्हणजे संवादाखाली सूर धरून ठेवण्याचं सगळं ओझं एकट्या ऑर्गनवर.

पहिला प्रश्न महापुराचा. २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी सांगलीत कुठवर आलं होतं ते सर्वांना ठाऊक आहे. मागची फळी काढायला लावा आणि आतल्या लाकडावर पाण्याची रेघ दिसते का ते बघा. जुन्या ऑर्गनचे सांधे सरसाने चिकटवलेले असतात. ते एकदा भिजले की हवा गळते, आणि वरून पॉलिश केल्याने ही गळती थांबत नाही. असा ऑर्गन घेऊ नये.

मग भाता. सगळे स्टॉप, म्हणजे वेगवेगळ्या आवाजांसाठी ओढायच्या खुंट्या, बंद ठेवून पायाने भाता पूर्ण ओढा, पाय काढा आणि मोजा. हवा अर्धा मिनिट टिकली तर उत्तम. दहा सेकंदांत संपली तर लांब आलापात वादकाला धावल्यासारखं पाय मारावे लागतील आणि पायट्यांची खडखड माईकमध्ये जाईल. पायट्यांच्या नवारीच्या पट्ट्या ओढून बघा. त्या ऐन प्रयोगात तुटतात, म्हणून जादा नवार आणि बारीक खिळे जवळ असू द्या.

यानंतर एकेक स्टॉप उघडून खालपासून वरपर्यंत प्रत्येक पट्टी वाजवा. सूर मुका असेल तर बहुधा रीडमध्ये, म्हणजे हवेने थरथरून सूर देणाऱ्या धातूच्या पातळ पट्टीत, धूळ अडकलेली असते. रीड आकड्याने ओढून मऊ ब्रशने साफ केली की दहा मिनिटांत काम होतं. बोट उचलल्यावरही सूर वाजत राहिला तर झडपेखाली कचरा आहे, स्प्रिंग गेली आहे किंवा पावसाळी हवेत पट्टी फुगून अडकते आहे. असे तीन-चार सूर निघाले तर दुसरा ऑर्गन बघा.

सर्वांत जास्त गोंधळ स्वराचा होतो. बरेच जुने ऑर्गन आजच्या ४४०च्या मापाला (मधल्या 'ए' स्वराची सेकंदाला ४४० कंपनं) जुळत नाहीत. ४३५चा ऑर्गन सुमारे २० सेंट (अर्ध्या स्वराचा पाचवा हिस्सा) खाली, तर जुन्या चढ्या मापाचा, म्हणजे ४५२च्या आसपासचा, जवळजवळ पाव स्वर वर बोलतो. प्रयोगासाठी रीड घासून घेण्याचा हट्ट मुळीच धरू नका, त्याने वाद्याची कायमची हानी होते. इलेक्ट्रॉनिक तानपुरा बारीक खुंटीने ऑर्गनला मिळवा, तबलाही त्यालाच लावा. ध्वनिमुद्रित संगीताचे तुकडे वापरणार असाल तर त्यांचा स्वर आधी ऑर्गनशी जुळवून घ्या, नाहीतर ते तुकडे वगळा.

नव्या नाटकाला हवं ते मिळतं गुडघ्यापाशी. उजव्या गुडघ्याची दांडी आवाज उघडते-मिटते. ती मिटवून फक्त डल्सियानासारखा मऊ स्टॉप ठेवला की बोलण्याखाली षड्ज अगदी पुसट राहतो आणि नटाला गाणं उचलायला वेगळा सूर द्यावा लागत नाही. इथे ऑर्गनची बरोबरी साधा कीबोर्ड करत नाही. शब्दप्रधान जागी कपलर मात्र बंदच ठेवा. तो वरचा सप्तक जोडतो आणि व्यंजनं झाकून टाकतो. व्हॉक्स ह्युमाना या स्टॉपचा पंखा सूर थरथरवतो, त्यामुळे गाण्याच्या साथीला तो नको.

कीबोर्डची एक सोय मान्य करायलाच हवी. नायक काळी एक या स्वरपट्टीत आणि नायिका काळी चारमध्ये गात असतील, तर त्यावर बटण दाबून पट्टी बदलता येते. ऑर्गनवर वादकाचा हात दोन्ही पट्ट्यांत सारखाच तयार असावा लागतो. तसा वादक मिळत नसेल तर कीबोर्डच घ्यावा.

माईक समोर लावू नका. पुढे पायट्यांचा आवाज येतो. मागची फळी काढून, रीडच्या उंचीवर, फूटभर अंतरावर एक माईक पुरतो. ऑर्गनखाली जाड सतरंजी हवी.

आणि तो प्रयोगाच्या दिवशी सकाळी आणू नका. चौघांनी उभाच उचलून किमान आदल्या दिवशी रंगमंदिरात आणा. टेम्पोच्या हादऱ्यांनी धूळ हलते आणि कालपर्यंत बोलणारे दोन-तीन सूर मुके होतात. ते शोधायला एक संध्याकाळ लागतेच.