ठाण्यातलं एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) : आमच्या 29 आठवड्यांच्या लेकीसाठी चार तारे

माझं बीपी हाताबाहेर गेलं म्हणून 29व्या आठवड्यात सिझर करावं लागलं. मुलगी 980 ग्रॅमची. आम्ही कळव्याचे. जिथे प्रसूती झाली तिथे एवढ्या लहान बाळाची सोय नव्हती, म्हणून तिला ॲम्ब्युलन्सने इथे आणलं.

पाचव्या दिवशी मला डिस्चार्ज मिळाला आणि मी थेट तिच्याकडे आले. पोट टम्म फुगलेलं, कातडी ताणून चकाकणारी, आतड्यांचे वळसे वरून दिसत होते. काळी शी तोवर जेमतेम कापसाला लागेल इतकीच झालेली. रात्री सिस्टरनी तोंडातल्या नळीला सिरिंज लावून ओढलं, तर हिरवं पित्त आलं. "सकाळी बघू" असं कुणी म्हणालं नाही. दूध बंद, सलाईन चालू, पेटीपाशीच एक्स-रे, आणि तासाभरात लहान मुलांचे सर्जन हजर. हिरवं आलं की आतड्याला पीळ पडलाय का ते आधी बघावं लागतं, असला तर काही तासांत आतडं मरतं, हे त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. सोनोग्राफीत पीळ दिसला नाही तेव्हा कुठे माझ्या पायात बळ आलं.

मग गुदद्वारातून डाय, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारं औषध, सोडून फोटो काढले. मोठं आतडं दोऱ्यासारखं बारीक, आणि लहान आतड्याच्या शेवटी पहिली शी घट्ट होऊन अडकलेली. आईला बीपी असलेल्या, वजनाने कमी बाळांत हे दिसतं म्हणे. तीच डाय आतड्यात पाणी ओढून शी सुटी करते. पण ते पाणी बाळाच्याच अंगातलं, म्हणून सलाईन वाढवलं. आतडं फुटलं किंवा सुटलंच नाही तर ऑपरेशन, हेही स्पष्ट सांगून सही घेतली. पहिल्या खेपेला काहीच झालं नाही. घाई न करता त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा डाय दिली. मधल्या वेळात सिस्टर टेपने बेंबीपाशी पोटाचा घेर मोजून लिहून ठेवत होत्या.

पहाटे सिस्टरनी बाकावर बसलेल्या मला हाक मारली, "आई, या, शी बघा!" तळहाताएवढ्या डायपरवर राखाडी खडे आणि मागून काळी-हिरवी चिकट शी. मी तो डायपर कितीतरी वेळ बघत राहिले. दोन दिवसांनी दर तीन तासांना एक मिली दूध सुरू झालं.

एक तारा कापला तो बाळांच्या आईंच्या गैरसोयीसाठी. दूध काढायला पडद्यामागे एकच खुर्ची आहे, आणि टाके ओले असलेल्या आम्ही पाचजणी बाहेर उभ्या असायचो.